तिकीट आपलं, टीम कुणाची? फुटबॉलच्या हिशेबाचे तीन प्रश्न

सोमेश्वरनगर म्हटलं की ऊस, गाळप आणि कारखान्याची चिमणी. फुटबॉल इथला खेळ नाही, असं कुणी म्हटलं तर त्याला आम्ही फार दोष देणार नाही. पण सोमेश्वरनगर, नीरा, बारामती, इंदापूर या पट्ट्यातल्या आपल्या पोरांचे मोबाईल एकदा बघा. क्रिकेट आहेच, पण शनिवार-रविवारी रात्री उशिरापर्यंत इंग्लंडच्या मॅचेस चालू असतात. मोहम्मद सलाहचं नाव लहान पोरालाही पाठ आहे. कुणी लिव्हरपूलचा, कुणी रियल माद्रिदचा, कुणी बार्सिलोनाचा. चहाच्या टपरीवर वाद होतात ते फक्त गोलांवरून नाही. अमुक क्लबचे पॉइंट का कापले, तमुक खेळाडूला एवढे पैसे कुठून दिले, वर्ल्ड कपचं तिकीट एवढं महाग का, यावरही होतात.

मोठ्या माणसांना वाटतं, पोरं वेळ वाया घालवतात. आम्हाला तसं वाटत नाही. नियम, तिकीट आणि हिशेब हे तीनही प्रश्न पैशाचे आणि हक्काचे आहेत. या तीन प्रश्नांवर सोमेश्वरनगरच्या माणसाला जेवढी समज आहे तेवढी पुण्या-मुंबईच्या माणसालाही नसेल. कारण इथल्या घराघरात कारखान्याचा सभासद आहे. सभासद आणि गिऱ्हाईक यांतला फरक त्याला कुणी शिकवावा लागत नाही. आजच्या फुटबॉलचं सगळं भांडण याच एका फरकावर येऊन थांबतं.

आपल्या देशातली लीग का अडकली?

आधी घरचं बघू. इंडियन सुपर लीग, म्हणजे आयएसएल, २०१४ मध्ये सुरू झाली. त्याआधी २०१० मध्ये भारतीय फुटबॉल महासंघाने रिलायन्स आणि आयएमजी यांच्या कंपनीशी १५ वर्षांचा, ७०० कोटी रुपयांचा करार केला होता. म्हणजे खेळ महासंघाचा, पण प्रक्षेपण, जाहिराती, लीग चालवणं हे सगळं कंपनीकडे. पैसे नियमित येत होते तोवर कुणी फारसं विचारलं नाही.

हा करार ८ डिसेंबर २०२५ ला संपणार, हे सगळ्यांना १५ वर्षं माहीत होतं. तरीही पुढची सोय झाली नाही. जुलै २०२५ मध्ये लीग चालवणाऱ्या कंपनीने क्लबांना कळवलं की करार पुढे जात नाही तोवर नवा हंगाम स्थगित. ऑगस्टमध्ये बेंगळुरू एफसीने खेळाडूंचे आणि कर्मचाऱ्यांचे पगारच थांबवले. ऑक्टोबरमध्ये महासंघाने नव्या भागीदारासाठी निविदा काढली, तर मुदतीत एकही बोली आली नाही. शेवटी केंद्रीय क्रीडामंत्र्यांना मध्ये पडावं लागलं. जानेवारी २०२६ च्या पहिल्या आठवड्यात जाहीर झालं की १४ फेब्रुवारीपासून १४ क्लबांची लीग होईल, पण छोटी. प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदाच खेळायचं, एकूण ९१ सामने.

म्हणजे रमजानचा चंद्र दिसायच्या चार-पाच दिवस आधी लीग सुरू. पोरं खूष आहेत, तरावीहनंतर मॅचच्या गप्पा रंगतील. पण या सगळ्या घोळात एक गोष्ट आम्हाला बोचली. सरकारला विचारलं, कोर्टाला विचारलं, कंपनीला विचारलं, क्लबच्या मालकांना विचारलं. तिकीट काढून स्टेडियम भरणाऱ्या प्रेक्षकाला कुणीच विचारलं नाही, कारण त्याला विचारायची सोयच या रचनेत नाही.

पुण्याची जागा हैदराबादला, हैदराबादची दिल्लीला

आपल्या जिल्ह्याचाच इतिहास घ्या. पुणे एफसी हा अशोक पिरामल समूहाचा क्लब २००७ मध्ये सुरू झाला. २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये तो दुसरा आला. २०१५ मध्ये मोठा संघ बंद. कल्याणी समूहाचा भारत एफसी एकच हंगाम खेळला. डीएसके शिवाजीयन्स आय-लीगमध्ये दोन हंगाम खेळला. आयएसएलमधला एफसी पुणे सिटी २०१४ ला आला, बालेवाडीच्या स्टेडियमवर नारंगी जर्सी घातलेले चाहते ओरडून घसा बसवायचे, आणि २०१९ ला तोही गेला. लीगमधली त्याची जागा हैदराबाद एफसी या नव्या क्लबला मिळाली. हैदराबादने २०२१-२२ मध्ये विजेतेपद पटकावलं. पुढे तिथेही पैशाची ओढाताण झाली, मालक बदलले, आणि २०२५ मध्ये तोच क्लब स्पोर्टिंग क्लब दिल्ली झाला.

विचार करा, उद्या कुणी म्हणालं की सोमेश्वर कारखाना परवडत नाही, म्हणून यंदापासून तो दुसऱ्या राज्यात चालेल, नावही वेगळं असेल. काय होईल? वार्षिक सर्वसाधारण सभेत खुर्च्या राहतील का जागेवर? पण पुण्याच्या चाहत्याला कसलीच सभा नव्हती. त्याच्याकडे होतं फाडलेलं तिकीट आणि एक जर्सी. सोमेश्वरनगरहून नीरा, जेजुरी, सासवड, दिवे घाट असा प्रवास करून बालेवाडी गाठणाऱ्या पोराची दखल कुठल्याच वहीत नव्हती.

मुंबईतही तेच. मँचेस्टर सिटीची मालक असलेली सिटी फुटबॉल ग्रुप ही कंपनी २०१९ मध्ये मुंबई सिटीत आली, ६५ टक्के हिस्सा घेतला. क्लब जिंकलाही. लीगचं भवितव्य अनिश्चित झालं तसं डिसेंबर २०२५ मध्ये कंपनीने हिस्सा सोडला आणि ती निघून गेली. आम्ही त्यांना दोष देत नाही. गुंतवणूकदार नफा बघणार, तोटा दिसला की जाणार. प्रश्न एवढाच आहे की तो गेल्यावर मागे उरतं काय?

मोहम्मेडनची गोष्ट आपणही समजून घ्यावी

आपल्या समाजात कोलकात्याच्या मोहम्मेडन स्पोर्टिंगबद्दल जुन्या लोकांना आजही आपुलकी आहे. १८९१ चा हा क्लब. १९३४ मध्ये कलकत्ता लीग जिंकणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला, आणि १९३८ पर्यंत सलग पाच वेळा त्याने ती जिंकली. गोऱ्या पलटणींच्या संघांना हरवणं ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. १९४० मध्ये ड्युरँड कप जिंकणारा तो पहिला भारतीय संघ झाला आणि त्याच वर्षी मुंबईचा रोव्हर्स कपही त्याने नेला.

एवढा इतिहास असलेला क्लब २०२३-२४ ची आय-लीग जिंकून आयएसएलमध्ये आला. आणि पहिल्याच हंगामात काय झालं? गुंतवणूकदारांमध्ये वाद, खेळाडूंचे पगार थकले, प्रशिक्षक हंगाम अर्ध्यावर असतानाच सोडून गेले. संघ तळाला राहिला. इज्जत जुनी, गर्दी मोठी, पण तिजोरी रिकामी. यातून धडा असा की नुसत्या भावनेवर क्लब चालत नाही, आणि नुसत्या बाहेरच्या पैशावरही नाही. ज्याच्या हातात पैसा, त्याच्यावर कुणाची तरी नजर लागते.

पहिला प्रश्न : नियम कुणासाठी?

टपरीवरचा आवडता वाद म्हणजे पॉइंट कापण्याचा. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये नियम आहे की क्लबने तीन वर्षांत ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त तोटा करायचा नाही. वरची हद्द १० कोटी ५० लाख पौंडांची. ही हद्द ओलांडली म्हणून २०२३-२४ च्या हंगामात एव्हर्टनचे आधी १० पॉइंट कापले, अपिलात ते ६ झाले, नंतर दुसऱ्या प्रकरणात आणखी २ गेले. नॉटिंगहॅम फॉरेस्टचे ४ गेले. मँचेस्टर सिटीवर मात्र फेब्रुवारी २०२३ मध्ये शंभरावर आरोप ठेवले गेले आणि सुनावणी होण्यातच जवळपास दोन वर्षं गेली. लहान क्लबचा निकाल महिन्यांत, मोठ्याचा वर्षांत. पोरं चिडतात ते यावर, आणि त्यांचं चिडणं रास्त आहे.

आता २०२६-२७ पासून प्रीमियर लीगमध्ये नवा नियम येतोय. संघावरचा खर्च उत्पन्नाच्या ८५ टक्क्यांपर्यंतच. दिसायला नियम चांगला. पण ज्याचं उत्पन्नच मोठं, त्याचे ८५ टक्केही मोठे. दहा एकरवाल्याला आणि दहा गुंठेवाल्याला एकच टक्केवारी लावली तर काय होतं, हे शेतकऱ्याला सांगायला नको.

आपल्याकडे तर नियमाचा गोंधळ त्याहून वरचा. २०२४-२५ ची आय-लीग एप्रिलमध्ये संपली. महासंघाने गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सला विजेता ठरवलं. खेळाडूंच्या पात्रतेवरून वाद झाला, प्रकरण स्वित्झर्लंडच्या क्रीडा लवादाकडे गेलं आणि जुलैमध्ये विजेता ठरला इंटर काशी. मैदानातला निकाल तीन महिन्यांनी परदेशातून आला. त्याच वर्षी आयएसएलमध्ये शेवटचा आलेला संघ खाली गेलाच नाही. वर जायचा रस्ता अरुंद आणि खाली जायची भीती नाही, तर मग स्पर्धा कसली? नियम आधी ठरले पाहिजेत, लेखी पाहिजेत आणि सगळ्यांना सारखे पाहिजेत. मोहल्ल्याच्या टेनिस बॉल टूर्नामेंटमध्येसुद्धा एवढं आपण पाळतो.

दुसरा प्रश्न : तिकीट कुणाला परवडतं?

जूनमध्ये अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोत वर्ल्ड कप आहे. जॉर्डन आणि उझबेकिस्तान पहिल्यांदाच खेळणार, मोरोक्कोवर सगळ्यांचे डोळे. पण डिसेंबर २०२५ मध्ये तिकिटांचे दर बाहेर आले आणि जगभरचे चाहते भडकले. फायनलचं चाहत्यांच्या वाट्याचं स्वस्तात स्वस्त तिकीट ४,१८५ डॉलर, म्हणजे आपले पावणेचार लाखांच्या आसपास. ओरड एवढी झाली की काही दिवसांतच फिफाला प्रत्येक मॅचसाठी ६० डॉलरची थोडी तिकिटं जाहीर करावी लागली. चार वर्षांपूर्वी कतारमध्ये तिथे राहणाऱ्यांसाठी, त्यात आपले कामाला गेलेले भाऊही आले, साखळी सामन्याचं तिकीट ४० रियालला होतं. त्या वेळचे नऊशे रुपये. म्हणजे ठरवलं तर जमतं.

ओरडून उपयोग होतो याची आणखी उदाहरणं आहेत. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिव्हरपूलने ७७ पौंडांचं तिकीट काढायचं ठरवलं. मॅचच्या ७७ व्या मिनिटाला हजारो लोक उठून स्टेडियमबाहेर चालते झाले. काही दिवसांत मालकांनी निर्णय मागे घेतला आणि माफी मागितली. त्याच वर्षापासून प्रीमियर लीगमध्ये पाहुण्या संघाच्या चाहत्यांच्या तिकिटाला ३० पौंडांची कमाल मर्यादा लागली.

आणि आपल्याकडे? डिसेंबर २०२५ मध्ये मेस्सी भारतात आला. देशातली लीग बंद, खेळाडू घरी बसलेले, आणि मेस्सीला नुसतं बघण्यासाठी लोकांनी हजारो रुपये मोजले. कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियममध्ये तो थोडाच वेळ थांबला, भोवती पुढाऱ्यांचा आणि पाहुण्यांचा गराडा, गॅलरीतल्या माणसाला धड दिसलाही नाही. लोकांनी खुर्च्या मोडल्या, बाटल्या फेकल्या. आयोजकाला अटक झाली. तोडफोडीचं समर्थन आम्ही करणार नाही. पण एक सांगतो, गिऱ्हाईकाकडे दोनच रस्ते असतात, विकत घ्या नाहीतर भांडा. सभासदाकडे तिसरा असतो. सभेत उभं राहायचं आणि हिशेब मागायचा.

तिसरा प्रश्न : हिशेब कोण बघतो?

इथे जर्मनीचं उदाहरण फार उपयोगाचं आहे. तिथे १९९८ पासून ‘पन्नास अधिक एक’ असा नियम आहे. क्लबने कंपनी काढावी, बाहेरचा पैसा घ्यावा, पण मतांपैकी निम्म्याहून एक जास्त मत क्लबच्या सभासदांकडेच राहिलं पाहिजे. लेव्हरकुसेन आणि वोल्फ्सबुर्गसारखे जुने अपवाद आहेत, लाइपझिगसारख्या क्लबने मोजकेच सभासद करून पळवाटही काढली आहे. तरी नियम टिकून आहे. म्हणून डॉर्टमुंडच्या मैदानावर एका बाजूला जवळपास २५ हजार लोक उभं राहून मॅच बघू शकतात. त्या जागी खुर्च्या टाकून महाग तिकीट लावायचं, असं एकट्या मालकाला ठरवता येत नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये तिथल्या लीगने प्रक्षेपणाच्या उत्पन्नातला वाटा गुंतवणूकदाराला विकायचं ठरवलं. रक्कम १ अब्ज युरोपर्यंतची. चाहत्यांनी काय केलं? मॅच चालू असताना मैदानावर टेनिस बॉल फेकायला सुरुवात केली. मॅचेस पुन्हा पुन्हा थांबल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये लीगने तो व्यवहार सोडून दिला.

सोमेश्वर, माळेगाव किंवा भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याच्या सभासदाला यात नवीन काही नाही. एक सभासद, एक मत. शेअर कुणाचे जास्त असले तरी मत एकच. दर किती देणार, कर्ज किती, डिस्टिलरीचं काय झालं, हे सभेत माइक घेऊन विचारता येतं. अध्यक्षांना उत्तर द्यावं लागतं, निदान द्यायचं नाटक तरी करावं लागतं.

सहकार धुतल्या तांदळासारखा आहे, असं मात्र कुणी समजू नये. राज्यातले कितीतरी सहकारी कारखाने कर्जात बुडाले, लिलावात खासगी लोकांकडे गेले, सभासद बघत राहिले. फुटबॉलमध्येही तसंच. बार्सिलोना हा सभासदांचा क्लब. तरी २०२१ मध्ये त्याच्यावर १ अब्ज युरोच्या वर कर्ज होतं, आणि लीगच्या पगारमर्यादेत बसत नाही म्हणून मेस्सीला जावं लागलं. म्हणजे सभासद असून भागत नाही, जागा सभासद लागतो. जेवणाची पंगत बघून मत देणारा आणि ताळेबंद न वाचता हात वर करणारा सभासद हाही एक गिऱ्हाईकच.

छातीवरची जाहिरात

पैशाचा विषय निघाला तर आणखी एक गोष्ट आई-वडिलांनी लक्षात घ्यावी. २०२५-२६ च्या हंगामात प्रीमियर लीगच्या निम्म्या क्लबांच्या जर्सीवर पुढे सट्टेबाजीच्या कंपन्यांची नावं होती. आपली पोरं तीच जर्सी घालून जुम्म्याला येतात. नाव इंग्रजीत, आपल्याला कळत नाही. जुगार आपल्याकडे हराम आहे, आणि आपण जुगाराच्या दुकानाची पाटी पोराच्या छातीवर लावून त्याला सफमध्ये उभं करतो. २०२६-२७ पासून जर्सीच्या पुढच्या बाजूला अशा जाहिराती घ्यायच्या नाहीत, असं तिथल्या क्लबांनी ठरवलं आहे. बाहीवर मात्र चालतील. आपल्या देशातही ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा आला. तरी फोनवर कुठून काय उघडतं सांगता येत नाही. क्लबला पैसा कुठून येतो, हा प्रश्न म्हणून फक्त इंग्रजांचा नाही. पोराला रागावू नका, जर्सी घेताना सोबत जा आणि पुढे काय लिहिलंय ते त्यालाच वाचायला लावा.

कोल्हापूरकडून काय घ्यायचं?

महाराष्ट्रात फुटबॉल खऱ्या अर्थाने लोकांचा कुठे असेल तर कोल्हापुरात. पाटाकडील तालीम, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. यांच्यामागे कुठली मोठी कंपनी नाही, पेठ आहे. शाहू स्टेडियमवर मॅच असली की दुकानदार, रिक्षावाले, शाळेची पोरं सगळे हजर. वर्गणी आणि देणगीदारांवर संघ उभे राहतात. तिथल्या कित्येक तालमींत गणपतीही बसतो आणि मोहरमचा पंजाही. त्यामुळे संघात कोण कुठल्या घरातला, हा प्रश्नच मागे पडतो. अनिकेत जाधवसारखा खेळाडू याच शहरातून २०१७ च्या १७ वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये भारताकडून खेळला.

तिथेही दोष आहेत. चाहत्यांच्या हाणामाऱ्या होतात, त्यापायी स्पर्धा थांबवायची वेळ आलेली आहे. बाहेरचे खेळाडू किती घ्यायचे आणि त्यांना किती द्यायचं, यावरून कुरबुरी होतात. पण मोठे कंपनीवाले क्लब पुण्यात आले आणि गेले, कोल्हापूरच्या तालमी मात्र तिथेच आहेत. कारण त्या विकायच्या म्हटलं तरी कुणाकडून विकत घ्यायच्या? मालक कोण, तर अख्खी पेठ.

आमचं म्हणणं म्हणून साधं आहे. बारामती-इंदापूर पट्ट्यात पोरांना फुटबॉलची हौस आहे, शाळा-कॉलेजांची मैदानं आहेत, आणि सहकार कसा चालवायचा (आणि कसा चालवू नये) याचा तीन पिढ्यांचा अनुभव आहे. एखादा गावक्लब उभा राहिला, तर चार गोष्टी पहिल्या दिवशी ठरवाव्यात. वर्गणी सगळ्यांना सारखी, आणि एका सभासदाला एकच मत. जमाखर्च दर सहा महिन्यांनी फलकावर, मशिदीच्या कमिटीचा लावतो तसा. प्रायोजक जरूर घ्यावा, पण सट्टा-जुगाराचा नाही, आणि क्लबचं नाव व मैदानाचा ताबा त्याच्या हातात द्यायचा नाही. आणि मुलींच्या सरावाला आठवड्यात ठरलेली वेळ, उरलेली नाही.

संघ सगळ्या समाजांचा असावा. आपल्या जमातीने पुढाकार घेतला तरी दार सगळ्यांना उघडं असावं, कारखान्याच्या गेटसारखं.

आयएसएल सुरू होईल, वर्ल्ड कपही येईल. पोरं मॅच बघतील, बघू द्या. फक्त पुढच्या वेळी ती पॉइंट आणि तिकिटावरून वाद घालताना दिसली, तर तिथून हाकलू नका. शेजारी बसा आणि कारखान्याच्या सभेचा अहवाल त्यांच्या हातात द्या. ताळेबंद कसा वाचायचा ते शिकवा. उद्या तीच पोरं कुठल्यातरी क्लबच्या सभेत उठून विचारतील, ‘साहेब, हा खर्च कशाचा?’